खोबरच्या थिएटरात, लढाईच्या साली

मला सौदीत नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, मी इस्पितळात कामाला चाललोय. एजंटच्या कागदावर लिहिलं होतं, ‘थिएटर इलेक्ट्रिशियन’. मी तेव्हा मुंबईच्या एका उपनगरातल्या नाट्यगृहात लाइटवाला होतो, पण सौदीत नाटक-सिनेमा काही नसतो हे आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक होतं. गल्फमध्ये पंधरा वर्षं काढून आलेले माझे मामा म्हणाले, “अरे, ऑपरेशन थिएटर असणार. डॉक्टरच्या डोक्यावर तो मोठा दिवा असतो बघ, तो सांभाळायचा.” मलाही ते पटलं. अल-खोबरला उतरल्यावर कंपनीच्या माणसाने मला एका भल्याथोरल्या इमारतीपाशी नेलं, मागचं दार उघडलं आणि आत दिवे लावले. मी रंगमंचावर उभा होतो. समोर अकराशे खुर्च्या होत्या.

एवढा मोठा रंगमंच मी आयुष्यात पाहिला नव्हता. वर मान करून बघितलं तर पडदे ओढून घ्यायला चार मजली उंच जागा. परदेशी दिवे, खोक्यातून बाहेर काढून जेमतेम वापरलेले. आणि मधोमध लाकडाचं एक मोठं वर्तुळ, म्हणजे फिरता रंगमंच. आमच्याकडे असलं काही असतं तर प्रवेश बदलायला बॅकस्टेजच्या पोरांना अंधारात धडपडावं लागलं नसतं, एवढंच पहिल्यांदा मनात आलं.

इमारतीची कथा मला हळूहळू समजली. तेलाचा पैसा धो धो येत होता त्या वर्षांत कुणा युरोपियन वास्तुविशारदाने तिचा नकाशा काढला होता आणि कोरियन मजुरांनी ती बांधली होती. जुन्या नकाशावर अरबीत ‘मसरह’ असं लिहिलं होतं, म्हणजे थिएटर. पण बांधून होईपर्यंत वरच्या लोकांचा विचार बदलला होता आणि दारावर पाटी लागली ती ‘काआ’ अशी, म्हणजे नुसतं सभागृह. वादकांसाठी रंगमंचापुढे खोल खड्डा केला होता, तो फळ्या टाकून बुजवला, वर गालिचा अंथरला आणि त्यावर बड्या पाहुण्यांचे सोफे मांडले. बायकांची मेकअपची खोली चहाची झाली. तिथल्या आरशाभोवती गोल बल्ब होते. चहा करणारा केरळी त्या आरशात दाढी करायचा.

तिथे कुराणपठणाच्या स्पर्धा होत, शाळांचे बक्षीस समारंभ होत, वाहतूक सप्ताह होई, कधी इंजिनिअरांच्या सभा, कधी रक्तदान. थंडीत अरबी कवी येत आणि लोक मान हलवून दाद देत. मी लाइट करायचो. आमचा मुदीर, म्हणजे सभागृहाचा व्यवस्थापक, पन्नाशीचा सौदी गृहस्थ होता. कमी बोलायचा. एकदा पठणाच्या स्पर्धेत एका आंधळ्या मुलावर मी अगदी मंद, सोनेरी प्रकाश टाकला होता. कार्यक्रम संपल्यावर मुदीर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “हे तुला कोणी शिकवलं?” मी म्हटलं, “आमच्याकडे नाटकं होतात.” त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाला, “चांगलं आहे. पण कुणाला सांगू नको.”

अशी चार वर्षं गेली. बायको-मुलं गावी. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या सौदी मालकाच्या कपाटात, खिशात इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. बाकीच्यांसारखाच मी.

नव्वद सालच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुवेत शेजारच्या सैन्याच्या हाती गेलं. सकाळी मी कामावर आलो तर सभागृहाच्या आवारात कुवेती नंबरच्या गाड्या लागल्या होत्या. काचांवर वाळूचा थर, टपावर गाद्या, एका गाडीच्या टपावर बाळाचा पाळणा दोरीने बांधलेला. लोक गाडीतच झोपले होते. शहरातली हॉटेलं दोन दिवसांत भरली आणि तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला की सभागृह उघडा.

मुदीरने मला बोलावलं. “सगळे पडदे खाली घे.”

“धुवायला द्यायचेत?”

“कापायचेत. या लोकांबरोबर घरच्या बायका आहेत. आडोसा लागेल.”

मी आणि दोन बंगाली सफाईवाले मिळून दिवसभर पडदे उतरवत होतो. मागचे काळे पडदे कापताना फार काही वाटलं नाही. पण दर्शनी पडदा उतरवला तेव्हा माझा हात थांबला. गर्द लाल मखमल, इतकी जड की सहा माणसांना उचलेना. नाट्यगृहात वाढलेल्या माणसाने पडद्याला कात्री लावायची म्हणजे काय, हे तिथे मी कोणाला समजावणार होतो? मुदीर बाजूला उभा होता. त्याने माझ्या हातातली कात्री घेतली, पहिला काप स्वतः दिला आणि कात्री परत माझ्या हातात ठेवली.

खुर्च्या जमिनीला जखडलेल्या, म्हणून सपाट जागा म्हणजे रंगमंच आणि बाहेरचा व्हरांडा. रंगमंचावर दोऱ्या बांधून आम्ही चौदा खोल्या केल्या. चौदा कुटुंबं. कोणाचा बंगला गेला होता, कोणाचं दुकान, आणि सगळे मखमलीच्या भिंतींमध्ये गाद्या टाकून बसले होते. मोठमोठी माणसं, पण पहिल्या काही दिवसांत चमचा मागताना त्यांना लाज वाटायची. नंतर वाटेनाशी झाली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी वर चढून एक अडकलेली कप्पी सोडवत होतो. ती सुटेना. वैतागून मी आपल्या भाषेत एक शिवी हासडली. खालून बाईमाणसाचं हसू ऐकू आलं.

“कोकणातले काय तुम्ही?”

खाली काळ्या अबायातली एक बाई कडेवर कुवेती बाळ घेऊन उभी होती. वय पंचविशीच्या आसपास. मी खाली उतरलो. ती म्हसळ्याजवळची होती, रायगडातली. कुवेतमध्ये एका घरात सहा वर्षं कामाला, बाळ सांभाळायला. तिचा नवरा त्याच घरात ड्रायव्हर.

“तो कुठाय?” मी विचारलं.

ती बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग तिने सांगितलं. ज्या पहाटे सैन्य आलं, त्या दिवशी सगळे दोन गाड्यांतून निघाले. पुढची गाडी मालक स्वतः चालवत होता, मागची तिचा नवरा. शहराबाहेर पडल्यावर मालकाने गाडी थांबवली. मालकाची आई इस्पितळात होती, पायाचं ऑपरेशन झालं होतं. तिला तसंच टाकून यायचं कसं? मालक परत जायला निघाला तर त्याची बायको रडायला लागली. तेव्हा मालकाने ड्रायव्हरला सांगितलं, तू जा, आईला घेऊन मागून ये.

“मग?”

“मग काय. मला म्हणाला, दोन दिवसांत येतो. गाडी वळवली आणि गेला. मी नीट बघितलं पण नाही, बाळ ओकत होतं.”

दोघांचे पासपोर्ट कुवेतमध्ये मालकाच्या ऑफिसच्या तिजोरीत राहिले होते.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी बाळाच्या बाटलीत पाणी भरायला मागच्या नळावर यायची आणि मला विचारायची, “भाई, काय कळलं का?”

काय कळणार? मी बाहेर नवीन आलेल्या गाड्यांपाशी जायचो, ड्रायव्हर हिंदी, म्हणजे आपल्या देशातला असेल तर विचारायचो, पांढरी कॅप्रिस गाडी, सोबत म्हातारी, कोणी पाहिली का? कोणी म्हणे, तशा गाड्या वाटेत वाळूत रुतलेल्या पाहिल्या. कोणी म्हणे, सीमेवरून परत पाठवतात. मी तिला यातलं काही सांगत नसे. “अजून गाड्या येतायत,” एवढंच म्हणायचो. व्हरांड्यातल्या फळ्यावर लोक हरवलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या लावत. तिच्या नवऱ्याचीही मी लावली, अरबीत आणि मराठीत. मराठी कोण वाचणार होतं देव जाणे, पण ती म्हणाली, आपल्या अक्षरात पण लिहा.

सासूला पत्र लिहायला तिने मला बसवलं. ती सांगत होती, मी लिहीत होतो. “लिहा, आम्ही दोघं सुखरूप आहोत. सौदीत आहोत. जेवण चांगलं मिळतं.” माझं पेन ‘दोघं’वर थांबलं. ती म्हणाली, “लिहा ना भाई. आईला रक्तदाब आहे.” मी लिहिलं.

एक दुपार मात्र वेगळी गेली. रंगमंचावरच्या खोल्यांत उजेड कमी पडायचा म्हणून मी दिव्यांच्या पॅनेलवर जोडण्या बदलत होतो. इतकी वर्षं बंद असलेलं एक बटण चुकून दाबलं गेलं. आधी घरघर आली आणि मग रंगमंच फिरायला लागला. चौदा कुटुंबं, गाद्या, पाळणे, चहाचे थर्मास, सगळं सावकाश फिरतंय. दोरीवरचे पडदे ताणले जाऊन तुटतायत. बायका किंचाळल्या. मी घाईघाईने बटण बंद केलं तोवर पाव फेरा झाला होता. आता नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. पण आतून हसण्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग सगळ्यांचा. एक म्हातारा कुवेती नमाजाला जाऊन परत आला होता, तो आपली खोली शोधत उभा होता आणि विचारत होता, “माझं घर कुठे गेलं?” तो विचारून झाला आणि सगळे अचानक गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी नळावर ती म्हणाली, “आमची खोली आता विंगेकडे आली, भाई. वारा येतो चांगला.”

सप्टेंबरात हुकूम आला की सभागृह रिकामं करायचं. कुवेती कुटुंबांना ताईफला, जेद्दाला, जिथे घरं मिळतील तिथे पाठवायचं. विमानं लागली होती. तिच्या मालकाचं नाव ताईफच्या यादीत निघालं. आदल्या दिवशी ती नळावर आली, पण बाटली न आणता.

“भाई, मी इथेच राहिले तर?”

“इथे? कुठे?”

“कुठेपण. चहाच्या खोलीत राहीन. तो इथे येणार, त्याला खोबर माहीत आहे. मी ताईफला गेले तर त्याला कसं कळणार?”

एकटी बाई, कागद नाहीत, सभागृहात सगळे पुरुष कामगार. दुसऱ्याच दिवशी तिला पोलीस घेऊन गेले असते, आणि बहुधा मलाही. तरी मी मुदीरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “तिच्या कफीलने सोडली तर.” मी मालकाकडे गेलो. मालक वाईट माणूस नव्हता. ड्रायव्हरला परत पाठवल्यापासून तो नीट जेवला नव्हता, हे मी पाहिलं होतं. तो म्हणाला, “बाळ तिच्याशिवाय कोणाकडे जात नाही. आणि तिला इथे टाकून गेलो तर उद्या तिच्या नवऱ्याला काय तोंड दाखवू?” त्याचंही चूक नव्हतं. मी परत आलो आणि तिला सांगितलं, “जा बाय. तो आला की मी सांगेन.”

“नक्की?”

“मी इथेच आहे. मला कुठे जायचंय?”

विमानतळाची बस सुटली तेव्हा मी आवारात उभा होतो. तिने खिडकीतून बाळाचा हात धरून हलवला.

अकराव्या दिवशी पांढरी कॅप्रिस आली.

मी तेव्हा व्हरांड्यातल्या चिठ्ठ्या काढत होतो. गाडीची पुढची काच तडकलेली, एक दार तारेने बांधलेलं. ड्रायव्हर उतरला, मागचं दार उघडलं आणि एका म्हातारीला दोन्ही हातांवर उचलून आत घेऊन आला. तिच्या तोंडावर जुन्या बायका घालतात तसा मुखवटा होता आणि पायाला मळकं बँडेज. त्याने तिला सोफ्यावर ठेवलं आणि इकडेतिकडे बघत मला हिंदीत विचारलं, “यहाँ कुवेतवाले लोग थे ना?”

मी मराठीत म्हटलं, “म्हसळ्याचा ना तू?”

त्याचा चेहरा उजळला. “ती आहे?”

“ताईफला गेली. अकरा दिवस झाले.”

तो सोफ्याशेजारी खाली बसला. इस्पितळातून म्हातारीला बाहेर काढायला त्याला आठ दिवस लागले होते. मग ओळखीच्या एका घरात तळघरात राहिले. सीमेपर्यंत तीनदा आले, तीनदा परत पाठवले गेले. चौथ्यांदा वाळवंटातून आले. म्हातारीचं इन्सुलिन संपलं होतं, तो वाटेत तिला काय खायला द्यायचं आणि काय नाही हे सांभाळत आला होता. हे त्याने मला सलग सांगितलं नाही. पाणी पिता पिता, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आणि दर तुकड्यानंतर विचारायचा, “ताईफ किती लांब आहे?”

म्हातारी कुवेती होती, तिच्यासाठी सगळं भराभर हललं. डॉक्टर आला. मुदीरने फोन फिरवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या मुलाचा पत्ता लागला. तिला न्यायला एक अधिकारी आला, तरुण, नम्र, हातात कागदांची फाइल. व्हरांड्यात टेबल मांडलं. त्याने म्हातारीची माहिती लिहून घेतली. मग ड्रायव्हरकडे बोट केलं.

“पासपोर्ट?”

“कुवेतमध्ये राहिला,” मी अरबीत म्हणालो.

“इकामा?”

त्याने कुवेतचं ओळखपत्र पुढे केलं. अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून परत दिलं. “हे इथलं नाही. याला बिनकागदाच्या परदेशी लोकांच्या कॅम्पात पाठवतो. तिथून त्याचा दूतावास त्याला त्याच्या देशात नेईल.”

म्हातारीने ते ऐकलं आणि ड्रायव्हरचा हात धरला. “हा माझ्याबरोबर येणार. हा माझा मुलगा आहे.”

“मावशी, तो हिंदी आहे,” अधिकारी म्हणाला.

“माझ्या मुलाने मला टाकलं. याने आणलं. मुलगा कोण मग?”

अधिकाऱ्याने मान खाली घातली. त्याला तिचं म्हणणं कळत होतं, हे दिसत होतं. पण त्याच्या फाइलमध्ये अशा माणसाचा रकाना नव्हता. मी म्हटलं, याची बायको ताईफला आहे. तो म्हणाला, “तिच्याकडे पासपोर्ट आहे?” मी म्हटलं, नाही. “मग तिचा प्रश्न तिच्या कफीलचा. याचा कफील त्याला घेऊन जायला इथे नाही. आणि घरी पाठवतोय ना आपण याला? लढाई होणार आहे. घरी जाणं वाईट आहे का?” मग मला म्हणाला, “त्याला सांग.”

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. त्याला अरबी येत होतं, पण घरगुती. सरकारी अरबी त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. त्याच्या उजव्या मुठीत गाडीची किल्ली होती. सकाळीच तो मला म्हणाला होता, “नाही नेलं तर मी गाडीने जातो. बाराशे किलोमीटर तर आहेत.” कागदाविना पहिल्याच नाक्यावर त्याला पकडलं असतं आणि त्या दिवसांत पकडलेल्या अनोळखी माणसाला कोण काय समजलं असतं, सांगता येत नव्हतं.

मी म्हणालो, “आधी म्हातारीला पाठवतायत. विमानात जागा एकच आहे. तुझे कागद नाहीत, ते काम कॅम्पात होईल. झालं की तुलाही ताईफला पाठवतील.”

“किती दिवस?”

“आठ-दहा.”

“पक्कं?”

“तो तसं म्हणतोय.”

त्याने मूठ उघडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. म्हातारीपुढे वाकून तिला अरबीत म्हणाला, “अम्मा, मी मागून येतो.” म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. तिला सगळं कळलं होतं, अधिकाऱ्याचंही आणि बहुतेक माझंही. तिने मुखवट्याखाली हात घालून डोळे पुसले.

“तुमच्या भाषेत तुला काय म्हणाला?” अधिकाऱ्याने मला विचारलं.

“आभार मानत होता,” मी म्हटलं.

कॅम्पाची व्हॅन आली. तो चढताना हसत होता. “भाई, तिचा फोन आला तर सांगा, आठ-दहा दिवसांत.”

व्हॅन गेल्यावर मुदीर माझ्याजवळ आला. “अधिकारी इतकं लांब बोलला नव्हता,” तो म्हणाला. मी टेबलाची एक बाजू उचलली. त्याने दुसरी धरली. आम्ही दोघांनी ते आत नेलं.

नंतर मी कॅम्पात जायचा दोनदा प्रयत्न केला. फाटकावरून परत पाठवलं. रियाधला दूतावासात फोन केले. एक तर लागायचा नाही, आणि लागला की पलीकडचा दमलेला माणूस म्हणायचा, “नाव लिहून घेतलंय.” ऑक्टोबरात समजलं की त्याला विमानाने मुंबईला पाठवलं.

तिचा फोन त्यानंतर आठवड्याने आला. मुदीरच्या ऑफिसात, दुपारी. म्हातारीने तिला आधीच अर्धंमुर्धं सांगितलं होतं.

“भाई, तो कधी येतोय? अम्मा नीट सांगत नाही.”

“बाय, तो गावी गेला. घरी पोचला.”

पलीकडे बाळ रडत होतं. ती त्याला काहीतरी अरबीत म्हणाली. मग मला म्हणाली, “गावी? मला न भेटता?”

“त्याला पाठवलं. त्याच्या हातात नव्हतं.”

“मग मला का नाही पाठवत? मला पण पाठवा ना. तुम्ही बोला ना कोणाशी.”

मी कोणाशी बोलणार होतो? मी म्हटलं, बोलतो. आणि खरंच बोललो, मुदीरशी, कंपनीच्या माणसाशी, दूतावासातल्या त्या दमलेल्या आवाजाशी. सगळे म्हणाले, तिच्या कफीलला अर्ज करू दे. कफीलला स्वतःचंच घर नव्हतं. पुन्हा तिचा फोन आला नाही.

मग सभागृहात लष्कराचं सामान आलं. पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत. फिरत्या रंगमंचावर वजन किती चालेल, हे मला विचारायला एक परदेशी माणूस आला होता. मी म्हटलं, चौदा कुटुंबं चालली होती. तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. खोक्यांत गॅसचे मुखवटे होते. आम्ही ते उतरवून घेतले, मोजून रचले, पुन्हा ट्रकमध्ये चढवले. आमच्यासाठी त्यात नव्हते. कंपनी म्हणत होती, मागवलेत. चहावाल्या केरळ्याने ओल्या टॉवेलची घडी आणि पोहण्याचा चष्मा जोडून स्वतःचा मुखवटा बनवला होता आणि तो आरशासमोर लावून बघायचा. घरून पत्र यायचं, परत या. मी लिहायचो, काळजी करू नका. परत यायला पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टसाठी कफील, आणि कफील रियाधला त्याच्या भावाकडे गेला होता.

जानेवारीत लढाई सुरू झाली. भोंगा वाजला की आम्ही रंगमंचाखाली, फिरत्या वर्तुळाच्या यंत्रापाशी जाऊन बसायचो, कारण तेवढं एकच तळघर होतं. मी, दोन बंगाली, केरळी आणि कधीकधी मुदीर. तो आमच्यातच जमिनीवर बसायचा. एकदा त्याने आपला मुखवटा काढून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, लावा साहेब. तो म्हणाला, “तुमच्यासमोर लावून बसायचं कसं?” केरळी म्हणाला, आमची काही हरकत नाही. मुदीरने लावला नाही.

लढाई संपता संपता कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्यापर्यंत आला. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले. कपडे वाळत घातले की काळे ठिपके पडायचे. सभागृहाची खोकी गेली आणि मुदीर म्हणाला, जागा धुऊन घ्या. आम्ही आठवडाभर धूत होतो. रंगमंचाच्या लाकडात चुलीचे डाग होते, एका फळीवर कुणा पोराने घर कोरलं होतं, दार, खिडकी आणि शेजारी गाडी. मी ते घासलं नाही. नवे पडदे आले, लाल, पण मखमल नव्हे, हलकं कापड. पहिला कार्यक्रम बक्षीस समारंभाचा झाला. मी लाइट केले. कुणाला काही फरक दिसला नाही.

दुसऱ्या वर्षी मला सुट्टी मिळाली. तिच्या सासूच्या पत्रावरचा पत्ता माझ्याच हाताने लिहिलेला, म्हणून गाव लक्षात होतं. म्हसळ्याला एसटीतून उतरून चालत गेलो. सुपारीच्या बागेमागे घर. तिचा नवरा ओट्यावर टेम्पोचं चाक खोलून बसला होता. मला बघून उठला, हात पुसले, मिठी मारली. त्याच्या आईने चहा आणला. त्याची बायको अजून कुवेतमध्येच होती. मालकाचं कुटुंब परत गेलं तेव्हा तिलाही नेलं. पासपोर्ट तिजोरीतच जळाला होता, नवीन व्हायला वेळ लागत होता.

त्याने मला तिची कॅसेट ऐकवली. तिकडून येणाऱ्या माणसाबरोबर ती आवाज भरून पाठवायची. ती आईची विचारपूस करत होती, आंब्याला मोहर आला का विचारत होती, अम्मा गेली हे सांगत होती. मधेच मालकाच्या मुलाचा आवाज आला, तो तिला अरबीत काहीतरी मागत होता आणि ती त्याला हसून समजावत होती. मुलाचा आवाज आला की तिचा नवरा टेप थोडा पुढे सरकवायचा.

चहा झाल्यावर तो म्हणाला, “भाई, कॅम्पात मी रोज विचारायचो, ताईफची गाडी कधी आहे. सगळे हसायचे. विमानात बसवलं तरी मला वाटत होतं, ताईफला चाललोय. खाली समुद्र दिसला तेव्हा कळलं.”

मी कपाकडे बघत होतो.

“मग मी विचार केला,” तो म्हणाला, “तुमची ऐकण्यात चूक झाली असणार. सरकारी अरबी कठीण असतं. तुमचं कच्चं असेल.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्यासाठी त्याने स्वतःच कारण शोधून ठेवलं होतं आणि ते तो माझ्यापुढे ठेवत होता. त्याची आई दारात उभी होती. मी तोंड उघडलं.

“हो,” मी म्हणालो, “तेव्हा कच्चंच होतं.”

तो म्हणाला, “तेच म्हटलं.” आणि चाक उचलायला वाकला. मी त्याला हात लावायला गेलो, पण तो म्हणाला, कपडे खराब होतील, बसा. एसटीची वेळ होईपर्यंत मी ओट्यावर बसून राहिलो.

त्याच्या पुढच्या वर्षी ती परत आली, असं खोबरला आमच्याकडच्या एका माणसाने सांगितलं. मी पुन्हा त्या गावी गेलो नाही.